शुभेच्छा खुशाल छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, मराठीतून निघू घातलेल्या एका नव्या विज्ञान नियतकालिकाविषयी आपण सविस्तर लेख प्रसिद्ध केला. उपक्रम स्तुत्य आहे आणि त्याला माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा आहेत. मात्र शास्त्रज्ञांना लिहिते होण्याचे आवाहन करताना लेखकाने ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकाचा जो दाखला दिला आहे, तो मला खटकला. डार्विन, हक्सली, हूकर या दिग्गजांनी १८६९ मध्ये एकमुखाने लेखणी उचलली आणि म्हणून ते साप्ताहिक उभे राहिले, असा त्या दाखल्याचा आशय आहे. या मंडळींचा त्या काळातला पत्रव्यवहार छापून उपलब्ध आहे. तो वाचला की चित्र जवळजवळ उलटे दिसते, आणि नवे नियतकालिक काढू पाहणाऱ्याला ते उलटे चित्रच अधिक उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

गोष्ट खरे तर ‘नेचर’च्या नऊ वर्षे आधी सुरू होते. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्सली यांची डार्विनच्या उत्क्रांतिवादावरून ती गाजलेली खडाजंगी झाली. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १७ जुलैला, हक्सलीने आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याला एक लांबलचक पत्र धाडले. डब्लिनहून निघणारे ‘नॅचरल हिस्टरी रिव्ह्यू’ हे त्रैमासिक जानेवारीपासून नव्या रूपात निघणार होते. आदल्याच दिवशी त्याचे चालक हक्सलीकडे जेवायला आले होते आणि संपादकांपैकी एक झालास तर सूत्रे बहुतांशी तुझ्याच हाती राहतील, असे त्याला सांगून गेले होते. हक्सली त्या वेळी पस्तिशीत होता. घडवावे तसे घडणाऱ्या मनाच्या तरुणाला ही नामी संधी आहे, जादा कामापलीकडे पदरात काही पडायचे नाही हे दिसते आहे, तरीही माझा कल होकाराकडेच आहे, असे तो कळवतो. जॉन लबक आणि जॉर्ज रोलस्टन या तरुण निसर्गशास्त्रज्ञांना त्याने तोवर सहसंपादक होण्याविषयी लिहिलेही होते.

यानंतरचा मजकूर नव्या संपादकांनी मुळातूनच वाचावा. हक्सली हूकरला म्हणतो (भावार्थ माझ्या शब्दांत): इथवर वाचून तुझ्या अंगावर काटा आला असेल, कारण पुढची मागणी तुझ्याकडेच होणार असे तुला वाटले असेल, पण मी तुला विचारणार नाही, कारण तुला याहून चांगली कामे आहेत आणि पत्रकारितेचा तुला तिटकारा आहे हे मी जाणतो. पण पगाराशिवाय, निव्वळ कीर्तीसाठी येईल असा एखादा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ तुला ठाऊक आहे का? लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिउद्यानातला ऑलिव्हर कसा वाटतो? आणि संपादक होणार नसलास तरी आम्हाला मदत करून पाठीवर थाप तरी देशील ना? त्रैमासिकाचा सूर ‘सौम्यपणे बिशपभक्षी’ राहील आणि तुला, डार्विनला, भूशास्त्रज्ञ लायेलला आपापल्या शत्रूंचा समाचार घ्यायला उत्तम मैदान मिळेल, अशी लालूचही तो दाखवतो. लेखकाला घोळात घेण्याची इतकी लाघवी रीत मी दुसऱ्या कोणत्याही पत्रात पाहिलेली नाही. आधी नकार स्वतःच देऊन टाकायचा, म्हणजे समोरच्याला तो देण्याची सोयच उरत नाही!

ही बातमी डार्विनच्या कानावर गेली आणि २० जुलैला त्याने हक्सलीला जे उत्तर लिहिले, त्यात आनंद फार थोडा आणि काळजीच जास्त आहे. प्रथम तो विचारतो की हे खरोखर परीक्षणांचे नियतकालिक असणार ना, कारण मूळ निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा तर आधीच सुकाळ झालेला आहे. मग तो मुख्य मुद्द्यावर येतो. परीक्षण हे तात्पुरते असते, तुझे काम चिरकाल टिकणारे असायला हवे. उत्तम बोलता येणाऱ्या माणसाला भाषणांत वेळ दवडण्याचा जसा मोह होतो तसा उत्तम परीक्षण करता येणाऱ्याला परीक्षणांचा होतो. तुझ्या विषयांत मूळ संशोधन करू शकणारी माणसे इंग्लंडात किती थोडी आहेत याचा विचार कर. एखाद्या जम बसलेल्या नियतकालिकात अधूनमधून परीक्षण लिहिलेस तर अधिक भले होणार नाही का, कारण एकाच विषयाला वाहिलेल्या नियतकालिकाचा खप बेताचाच राहणार. लायेलने याच कारणासाठी पुष्कळ वर्षांपूर्वी परीक्षणे लिहिणे सोडल्याचेही तो आठवण करून देतो. शेवटी आपण जुन्या वळणाचे संथ गडी आहोत, तुझा बेत ऐकून आपल्याला कापरे भरते, असे म्हणून तो प्रांजळपणे कबूल करतो की, हक्सलीच्या परीक्षणांनी ज्याचा एवढा लाभ झाला त्याने हक्सलीच्याच परीक्षण-पत्रिकेवर विरजण घालावे हे मुळीच शोभत नाही.

या कबुलीमागे इतिहास होता. डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये बाहेर पडले, आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये महिन्याभरातच त्याचे जे दमदार परीक्षण आले ते निनावी असले तरी हक्सलीचे होते. म्हणजे नियतकालिकांतल्या ‘तात्पुरत्या’ लेखनाचा सर्वांत मोठा लाभधारकच मित्राला तसले लेखन न करण्याचा सल्ला देत होता. यात मला दांभिकता दिसत नाही. डार्विनचा सल्ला हक्सलीच्या हिताचाच होता. फक्त विज्ञानाचे हित आणि हक्सलीचे हित त्या घडीला एका वाटेने जात नव्हते, आणि ही ओढाताण डार्विनच्या त्या एका पत्रात जशीच्या तशी उतरली आहे.

हक्सलीने सल्ला मानला नाही. त्याच सप्टेंबरमध्ये त्याचा चार वर्षांचाही न झालेला थोरला मुलगा, नोएल, तापाने दगावला. तरीही जानेवारी १८६१ मध्ये नव्या मालिकेचा पहिला अंक ठरल्याप्रमाणे बाहेर पडला. मानवाच्या मेंदूत म्हणून जे खास भाग असल्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन सांगत होता, ते वानरांच्या मेंदूतही आहेत असे दाखवणारा हक्सलीचा लेख त्यात होता, आणि अंकाची एक प्रत त्याने अतिशय सभ्य शब्दांतली चिठ्ठी जोडून थेट विल्बरफोर्सकडे पाठवून दिली. त्याच सुमारास डार्विनचे अभिनंदनपर पत्र आले. अंक इतका सरस आहे की पुढचे अंक असे निघणे अशक्य, आणि सामान्य वर्गणीदाराच्या डोक्यावरून तो जाईल अशी मला धास्ती आहे, असे लिहून ओवेनचा ज्या रीतीने चुराडा केला आहेस ती रीत ‘लोणी माखलेल्या देवदूता’ची आहे, अशी पुस्ती त्याने जोडली. (या शब्दप्रयोगाला साजेसे मराठी मला गेली कित्येक वर्षे सापडलेले नाही, आपल्या वाचकांपैकी कोणाला सुचल्यास अवश्य कळवावे.)

आणि ज्याला कापरे भरले होते त्या डार्विनने पुढे स्वतः तिथे लिहिले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली फुलपाखरे दुसऱ्या, बेचव जातींच्या फुलपाखरांची नक्कल कशी करतात यावरचा हेन्री वॉल्टर बेट्सचा निबंध लिनियन सोसायटी या लंडनच्या निसर्गशास्त्रीय संस्थेच्या जाडजूड खंडात छापला गेला होता. तो तिथेच धूळ खात पडू नये म्हणून डार्विनने १८६३ मध्ये त्याचे परीक्षण ‘नॅचरल हिस्टरी रिव्ह्यू’ला दिले, तेही बिननावाचे. संपादकाचा आग्रह किंवा पत्रिकेची प्रतिष्ठा यांपेक्षा, एका धडपड्या तरुण माणसाचे काम लोकांपुढे यावे ही तळमळ त्याच्याकडून ते लिहवून घेऊन गेली. ते त्रैमासिक मात्र १८६५ मध्ये बंद पडले. त्याच सुमारास हक्सली, भौतिकशास्त्रज्ञ टिंडल, तत्त्वज्ञ स्पेन्सर प्रभृतींनी ‘रीडर’ नावाचे एक साप्ताहिक चालवायला घेतले होते, त्याचीही तीच गत झाली. त्याच वर्षी त्यांना ते विकावे लागले. मोठी नावे असली म्हणजे नियतकालिक चालते, या समजुतीला इतका सणसणीत पुरावा उलट बाजूचा क्वचितच मिळेल, कारण त्या काळच्या इंग्रजी विज्ञानातली यांच्याहून मोठी नावे आणायची तरी कुठून?

तेव्हा १८६९ मध्ये प्रकाशक अलेक्झांडर मॅकमिलन आणि संपादक नॉर्मन लॉकियर पुन्हा नव्या साप्ताहिकासाठी लोकांच्या दारात उभे राहिले, तेव्हा सगळ्यांचे हात पोळलेले होते. लॉकियर तेहतीस वर्षांचा, युद्ध खात्यात कारकुनी करणारा आणि रात्री दुर्बीण लावणारा गृहस्थ. ‘रीडर’चे विज्ञानाचे पान त्यानेच सांभाळले होते. जाहिरातीत छापायला नामवंतांचा पाठिंबा हवा होता. हूकरने मॅकमिलनला कळवले की माझ्या शुभेच्छा खुशाल छापा, पण वैज्ञानिकांचा पाठिंबा ही भार टाकताच मोडणारी काठी आहे. बड्या लोकांच्या आश्रयाने निघालेल्या विज्ञानपत्रिकांचे आजवर दारुण अपयशच पाहायला मिळाले आहे. आणि खऱ्या शास्त्रज्ञाला पत्रिका चालवायला वेळ कुठून मिळावा, की तिच्याकडे येणारा केराचा ढीग उपसण्याइतके डोके तरी कुठून मिळावे, हे मला कळत नाही, असेही त्याने स्पष्ट लिहिले. गणिती सिल्व्हेस्टर तेवढा भारावून गेला होता. ‘नेचर’ हे नाव सुचणे म्हणजे साक्षात प्रतिभेचा स्पर्श, त्यात दृश्य आणि अदृश्य, शक्य आणि प्रत्यक्ष सगळे सामावते, अशा आशयाचे पत्र त्याने लॉकियरला लिहिले. सिल्व्हेस्टर कविताही करीत असे, हे इथे सांगायला हवे.

गुरुवार, ४ नोव्हेंबर १८६९ रोजी चार पेनी किमतीचा पहिला अंक निघाला. अग्रलेख हक्सलीचा, पण त्यात बहुतेक जागा निसर्गाविषयीच्या जर्मन कवी गटेच्या सूत्रवचनांच्या अनुवादाने व्यापलेली होती. चतुर माणसाने लेखाची वेळ कशी निभावून न्यावी याचा तो नमुना आहे असे मी म्हटले, तर हक्सलीचे चाहते रागावतील; मीही त्यांच्यापैकीच एक आहे. याच अंकात हिवाळ्यात फुलणाऱ्या वनस्पतींच्या परागीभवनावर आल्फ्रेड बेनेट याचा लेख होता. डार्विनने तो वाचला, १३ नोव्हेंबरला त्याविषयी एक छोटेसे पत्र संपादकाला लिहिले आणि १८ नोव्हेंबरच्या, म्हणजे तिसऱ्याच, अंकात ते छापून आले.

माझ्या मते ‘नेचर’चे मर्म या तारखांत आहे. ४ तारखेचा लेख, १३ तारखेचे पत्र, १८ तारखेची छपाई. त्रैमासिकात हेच उत्तर तीन महिन्यांनी आले असते आणि विद्वत्सभेच्या खंडात कदाचित वर्षाने. लेख मागितला की डार्विन दुखण्याची सबब सांगे, आणि ती खोटीही नव्हती. पण कोणी चुकीचे किंवा अर्धवट लिहिलेले दिसले की त्याला पत्र लिहिल्यावाचून राहवत नसे. १८७१ मध्ये त्याचा नात्यातला भाऊ फ्रान्सिस गाल्टन याने सशांच्या रक्ताचे प्रयोग करून डार्विनची ‘पॅनजेनेसिस’ ही कल्पना (शरीराच्या सर्व भागांतून निघालेले सूक्ष्म कण संततीत उतरतात ही) खोटी ठरवली, तेव्हा रक्ताबद्दल मी एक शब्दही लिहिलेला नाही हा डार्विनचा खुलासा ‘नेचर’च्या पत्रांतच आला, आणि पुढच्याच आठवड्यात गाल्टनचे उत्तरही. ६ एप्रिल १८८२ च्या अंकात गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कसे पोहोचतात यावर डार्विनचे पत्र आहे. नॉर्दॅम्प्टनच्या क्रिक नावाच्या एका बूट कारखानदाराने पायाला चिमुकला शिंपला घट्ट चिकटलेला पाणकिडा त्याला पाठवून दिला होता, त्याची ही हकिगत. त्यानंतर तेरा दिवसांनी डार्विन गेला. (त्या कारखानदाराचा नातू फ्रान्सिस क्रिक, ज्याचा डीएनएवरचा निबंध १९५३ मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये आला.) आपल्याकडच्या रामन आणि कृष्णन यांनी नव्या प्रकारच्या प्रकाश-विकिरणाची वार्ता जगाला दिली तीही ३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’मध्ये, पत्राच्याच रूपाने.

सर्वसामान्य वाचकाला विज्ञानाची फळे दाखवावीत हा लॉकियरचा पहिला हेतू होता. सामान्य वाचकाला ते साप्ताहिक जड गेले आणि शास्त्रज्ञांनी ते आपसांत बोलण्यासाठी ताब्यात घेतले, असे म्हटले तरी चालेल. पैशाचे म्हणाल तर मॅकमिलनने जवळजवळ तीस वर्षे तोटा सोसला, आणि लॉकियर पन्नास वर्षे त्याच खुर्चीत बसून राहिला. आपल्या लेखात या दोघांपैकी एकाचे नाव आलेच नाही आणि दुसऱ्याचे आले ते भलत्या कारणाने.

ते कारण असे. लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे त्या लेखात म्हटले आहे, आणि हे विधान मराठी वृत्तपत्रांत दर ऑगस्टला नेमाने छापले जाते. त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हता. आंध्रातील गुंटूरहून फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने ते ग्रहण पाहिले. लॉकियरने २० ऑक्टोबरला इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकाने सूर्याच्या ज्वाळा पाहिल्या, आणि दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान ॲकॅडमीत एकाच बैठकीपुढे आली. लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरे आहे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात ते याच मुक्कामाचे असावेत असा माझा तर्क आहे. कोकणचा मान यात कुठेही कमी होत नाही. तीस वर्षांचा फरक तेवढा दुरुस्त करावा.

थोडे स्वतःविषयी, कारण त्याशिवाय वरच्या मजकुरातला माझा जिव्हाळा कळणार नाही. १९८४ साली आम्ही चार शिक्षकांनी एक सायक्लोस्टाइल केलेले विज्ञान त्रैमासिक काढले होते. पंधरा पैशांची पोस्टकार्डे घेऊन मी बावीस विद्वानांना लिहिले. एकोणीस जणांची उत्तरे आली, बहुतेक सगळी सुवाच्य अक्षरात आणि ‘आपल्या उपक्रमास हार्दिक शुभेच्छा, लेख सवडीने पाठवतो’ अशा मजकुराची. लेख आले चार. एका नामवंत प्राध्यापकांच्या शुभेच्छा आम्ही मुखपृष्ठावर चौकटीत छापल्या आणि त्यांचा लेख पाचव्या अंकापर्यंत ‘पुढील अंकी’ राहिला. सहावा अंक निघालाच नाही. गंमत अशी की त्या पाच अंकांतला आज वाचावासा वाटणारा मजकूर वाचकांच्या पत्रांतलाच आहे. एका एसटी कंडक्टरने आपल्या मुक्कामाच्या गावी सातवीण कोणत्या तारखेला फुलते याची तीन वर्षांची नोंद तिकिटांच्या कोऱ्या पाठीवर लिहून, टाचणीने टोचून धाडली होती. ती तिकिटे अजून माझ्यापाशी आहेत. त्या वेळी ‘पानपूरक’ म्हणून आम्ही ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात घातली, याची मला आता लाज वाटते.

नव्या नियतकालिकाच्या संपादकांनी माझ्याकडेही ‘वनस्पतींचे परागीभवन’ या विषयावर पंधरा पानांचा लेख मागितला आहे. वयोमानाप्रमाणे तो माझ्या हातून होणे नाही आणि होतो म्हणण्याचे पाप मला करायचे नाही. अंगणातल्या शेवग्यावर या माघात कोणत्या माश्या आणि कोणते भुंगे किती वाजता आले, याचे दीड पानाचे टिपण मात्र मी त्यांना पत्ररूपाने आजच वेगळ्या टपालाने पाठवले आहे. ते शेवटच्या पानावर गेले तरी चालेल, अक्षर तेवढे बारीक नसावे.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक,
सांगली